तीन पट्ट्यांचा दरबार

दिवाळीत नातू आला तो लॅपटॉप घेऊनच. एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात माउस, असा त्याचा फराळ चालला होता. मी सहज डोकावले तर पडद्यावर चीनचा नकाशा आणि त्याच्या बाजूला तीन रंगीत पट्ट्या. एकीवर लिहिले होते खोजे, दुसरीवर मंदिरे, तिसरीवर नोकरशहा. एक पट्टी वाढली की दुसरी कमी होते म्हणे.

"आजी, तू इतिहास शिकवायचीस ना? मग मला मिंग दरबारातलं राजकारण सांग. आमच्या मॉडमध्ये ते नीट जमत नाहीये."

मॉड म्हणजे काय हे मलाही तेव्हाच कळले. बाजारात मिळणाऱ्या एखाद्या खेळात हौशी मंडळी आपल्या पदरचे बदल करतात, त्याला मॉड म्हणतात. मूळ खेळ 'युरोपा युनिव्हर्सालिस ४', पॅरॅडॉक्स नावाच्या स्वीडिश कंपनीने २०१३ मध्ये काढलेला. त्यात मिंग चीनसाठी हेच तीन गट होते. पुढे २०१७ च्या विस्तारात 'स्वर्गाची आज्ञा' हा शून्य ते शंभर असा आकडा आला. नातवाला आणि त्याच्या दोन मित्रांना १५७२ ते १६४४ एवढाच काळ घेऊन दरबारातला संघर्ष खेळात आणायचा आहे. सुरुवात त्यांनी त्या जुन्या तीन पट्ट्यांपासून केली होती.

आता खरे सांगायचे तर एकतीस वर्षे इतिहास शिकवून माझ्या वाट्याला चीन आला तो पाठ्यपुस्तकाच्या दोन-तीन पानांएवढाच. भिंत, कागद, दारूगोळा, अफू. मिंग घराणे का बुडाले या प्रश्नाचे माझे पाच गुणांचे उत्तर ठरलेले असायचे: दुबळे राजे, भ्रष्ट खोजे, वाढते कर, दुष्काळ आणि उत्तरेकडचे आक्रमण. पाच कारणे, पाच गुण. नातवाच्या पट्ट्या पाहून मला माझ्याच फळ्यावरचे अक्षर दिसले. मग त्यानेच आणून दिलेले रे हुआंग यांचे १५८७ या वर्षावरचे पुस्तक (१९८१ साली निघालेले) घेऊन बसले. माझे बी.ए. मराठी माध्यमातले, त्यामुळे शेजारी शब्दकोश लागतोच. दोन महिने गेले. त्यानंतर आणखीही थोडे वाचन झाले, आणि आता माझे ठाम मत झाले आहे की त्या पट्ट्या काढून टाकाव्यात. आधी 'मंदिरे' काढावीत, पण बाकीच्या दोनही ठेवू नयेत.

मंदिरांबद्दल फार बोलायला नको. ज्या दरबारात अधिकारी कन्फ्यूशियसचे ग्रंथ पाठ करून परीक्षेने निवडले जात, तिथे मंदिरांचा गट नोकरशाहीच्या तोडीस तोड उभा करणे हे युरोपातल्या चर्चकडे पाहून सुचलेले दिसते. खोज्यांची गोष्ट जास्त महत्त्वाची. खोजे हा एक गट होता असे आपण सगळेच धरून चालतो. पण वेई झोंगश्यान हा कुप्रसिद्ध खोजा सत्तेवर आला तो १६२१ मध्ये वांग आन या दुसऱ्या खोज्याचा काटा काढून, आणि हा वांग आन तर वेईच्या पुढच्या काळातल्या शत्रूंचा, म्हणजे सुधारणा मागणाऱ्या अधिकाऱ्यांचा, मित्र होता. त्याच्या आधी १५७२ मध्ये फंग बाव हा खोजा आणि झांग जुझेंग हा महासचिव यांनी एकत्र येऊनच वरिष्ठ महासचिवाला घरी पाठवले होते. पट्टीच्या कोणत्या बाजूला यांना बसवणार?

इथे नातू म्हणाला, "मग आपण गट बदलू. खोजे विरुद्ध अधिकारी असं न करता, दोंगलिन विरुद्ध बाकीचे असं करू."

ऐकायला बरे वाटते. पण घोटाळा त्याहून खोल आहे. चीनच्या दरबारात 'गट' ही संस्था नव्हती, तो आरोप होता. अधिकाऱ्यांनी गट करणे हाच गुन्हा. सम्राटाखेरीज कुणाशी निष्ठा ठेवली तर ती निष्ठा चोरीची. ओउयांग श्यू या सुंग काळातल्या विद्वानाने १०४४ मध्ये गटांच्या बाजूने निबंध लिहिला, की सज्जनांचेही गट असतात आणि ते राज्याच्या हिताचे असतात, म्हणून तो इतका गाजला. बाकी कुणी 'होय, आमचा गट आहे' असे उघड म्हणत नसे. म्हणजे पडद्यावर 'दोंगलिन गट, सामर्थ्य ४०' असे लिहिले की पहिल्याच ओळीत खोटे झाले. हा चाळीसचा आकडा कुणी मोजला? गटाच्या शत्रूने!

आणि शत्रूने खरोखरच मोजला होता. गू श्यानचेंग हा अधिकारी १५९४ मध्ये नोकरीतून काढला गेला, गावी वूशीला परतला आणि १६०४ मध्ये त्याने तिथली जुनी दोंगलिन विद्यापीठिका पुन्हा सुरू केली. तिथे व्याख्याने व्हायची, चर्चा व्हायच्या, दरबारातल्या माणसांची उणीदुणीही निघायची. गू १६१२ मध्ये वारला. त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी वेई झोंगश्यानच्या बाजूच्या लोकांनी 'दोंगलिनवाल्यां'च्या याद्या केल्या. त्यातल्या एका यादीत तर या अधिकाऱ्यांना एका लोकप्रिय कादंबरीतल्या १०८ बंडखोरांची नावे वाटून दिली होती, अमका या वीराच्या जागी, तमका त्या वीराच्या जागी. नातू हे ऐकून खूश झाला, कारण ते हुबेहूब त्यांच्या खेळातल्या पत्त्यांसारखे आहे. मी म्हटले, बाळा, या पत्त्यांतली माणसे तुरुंगात मेली.

सुंग काळात हाच प्रकार दगडावर झाला. वांग आन्शीच्या १०६९ पासूनच्या सुधारणा, मग १०८५ नंतर त्या रद्द, १०९४ मध्ये पुन्हा चालू, आणि शेवटी ११०४ मध्ये ३०९ नावे कोरलेला शिलालेख, की या लोकांना आणि त्यांच्या मुलांना दरबारात थारा नाही. गंमत म्हणजे त्यात सुधारणांचा कट्टर पुरस्कर्ता झांग दुन याचेही नाव होते, कारण यादी करणाऱ्याशी त्याचे जमत नव्हते. ११०६ मध्ये आकाशात धूमकेतू दिसला, सम्राट घाबरला आणि शिळा फोडायला लावल्या.

तेव्हा माझी पहिली सूचना अशी होती: खेळात गट आधीपासून असू नयेत, माणसे असावीत. कोण कुणाचा गाववाला, कोण कुणाबरोबर परीक्षा उत्तीर्ण झाला, कुणाचा परीक्षक कोण, एवढेच नोंदवावे. मग ज्याच्या हाती सत्ता येईल त्याने यादी करावी. यादीत नाव आले की तो माणूस त्या गटाचा झाला, त्याला हवे असो वा नसो. आणि एकदा यादीत आल्यावर त्याला दुसरी सोबतही उरत नाही, म्हणून तो खरोखर गटाचा होऊन बसतो. गट निर्माण होतो तो असा.

दुसरी गोष्ट कागदाची. आपल्याकडे कुणाला फडणिशी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कागद ज्याच्या हातात, त्याच्या हातात कारभार. मिंग दरबारात निवेदन आत जाई. मग महासचिव एका चिठ्ठीवर उत्तराचा मसुदा लिहून ती निवेदनाला चिकटवत. मग आतल्या खोज्यांच्या कचेरीत तो मसुदा सम्राटाच्या नावाने लाल शाईत उतरे. नंतर तो कागद तपासनीसांच्या सहा कचेऱ्यांपैकी संबंधित कचेरीत जाई, आणि त्यांना तो चुकीचा वाटला तर परत पाठवण्याचा अधिकार होता. हुद्दा लहान, पण अधिकार केवढा! मसुदा लिहिणारा आणि लाल शाईची लेखणी धरणारा यांचे जमले तर राज्य चालते. वानली सम्राट १५७२ मध्ये गादीवर आला तेव्हा पुरता नऊ वर्षांचाही नव्हता, आणि झांग जुझेंगने पुढची दहा वर्षे चीन चालवला तो फंग बावच्या लाल शाईच्या जोरावर. झांगने १५७३ मध्ये हुकमांच्या नोंदवह्यांची पद्धत घातली. कुठला हुकूम कधी सुटला, कधीपर्यंत पुरा व्हायचा, झाला की नाही, हे ताडून पाहायचे. करवसुली सुधारली, तिजोरी भरली. आणि सगळे अधिकारी त्याच्यावर दात ओठ खाऊ लागले.

खेळात सैन्याचे डाव असतात तसे इथे कागदाचे डाव हवेत. कागद पुढे ढकलणे, अडवणे, परत पाठवणे, आणि सम्राटाच्या बाबतीत, कागद आतच ठेवून देणे. शेवटचा डाव मला फार महत्त्वाचा वाटतो. वानलीला आपला तिसरा मुलगा, लाडक्या झेंग राणीचा, युवराज करायचा होता. मोठा मुलगा १५८२ चा, हा १५८६ चा. अधिकारी म्हणाले, थोरला तो थोरला. सम्राट उघड 'नाही' म्हणू शकत नव्हता, कारण शास्त्र त्यांच्या बाजूला. मग त्याने उत्तर देणेच बंद केले. निवेदने येत, आत राहत. थोरल्याला युवराजपद मिळाले ते १६०१ मध्ये, आणि धाकटा आपल्या लुओयांगच्या जहागिरीवर गेला तो १६१४ मध्ये. मधल्या काळात मोठमोठी पदे रिकामी पडली, कारण नेमणुकीच्या कागदावरही सम्राट काही लिहीना. सगळ्या पृथ्वीचा धनी म्हणवणाऱ्या माणसाचे एकमेव हत्यार काय, तर अबोला! आमच्याकडे सासुरवाशिणी वापरायच्या तेच.

"पण आजी, यात खेळाडू काय करणार? नुसतं गप्प बसायचं बटण?"

होय, तेच बटण द्या, असे मी म्हटले. आणि दर वेळी ते दाबल्यावर राज्यातली एक खुर्ची रिकामी होऊ दे. त्याला ते कंटाळवाणे वाटले. असेल. वानलीलाही वाटले असणार.

आता शिक्षेबद्दल. नातवाच्या खेळात विरोधकाला फटके मारले की विरोध दहा गुणांनी कमी होत असे. ही चूक मात्र मला खपली नाही, आणि यावर आमचे दोन संध्याकाळी भांडण झाले. १५२४ मध्ये जियाजिंग सम्राटाला आपल्या जन्मदात्या बापाला सम्राटाचा मान द्यायचा होता, म्हणून दोनशेहून अधिक अधिकारी राजवाड्याच्या दरवाज्यात गुडघे टेकून रडत-ओरडत बसले. त्यांना फटके मारले गेले, सोळा-सतरा माणसे मेली. विरोध तेवढ्यापुरता शमला, पण फटके खाल्लेला माणूस पुढे आयुष्यभर पूज्य ठरला. हाय रुईने १५६६ मध्ये त्याच सम्राटावर जहरी निवेदन लिहिले ते आधी स्वतःची शवपेटी विकत घेऊन.

आणि १५७७ चे प्रकरण तर मास्तरकी केलेल्या माणसाने वाचावेच असे आहे. झांग जुझेंगचे वडील वारले. रिवाजाप्रमाणे त्याने सत्तावीस महिने नोकरी सोडून सुतकात बसायला हवे होते. सम्राटाने, म्हणजे लाल शाईने, हुकूम काढला की तू जाऊ नकोस, राज्याला तुझी गरज आहे. यावर ज्यांनी पहिली निवेदने दिली ते वू झोंगशिंग आणि झाओ योंगश्यान हे दोघे १५७१ च्या परीक्षेतले, आणि त्या परीक्षेचा प्रमुख परीक्षक झांगच! म्हणजे तिथल्या रीतीप्रमाणे तो त्यांचा गुरू. त्याआधी १५७६ मध्ये त्याच तुकडीतल्या लिउ तायने झांगवर आरोप केले होते, तेव्हा गुरूवर शिष्याने आरोप करावा असे या घराण्याच्या दोनशे वर्षांत घडले नाही, म्हणून झांग हळहळला होता. वू झोंगशिंगने तर निवेदनाची नक्कल स्वतः नेऊन झांगला दाखवली. झांगने विचारले, हे आत दिले का? तो म्हणाला, दिल्याशिवाय आपल्याला दाखवायचे धाडस केले नसते. मला वाटते शिष्य असावा तर असा, आणि परमेश्वराने माझ्या वर्गात असा एकही दिला नाही म्हणून मी सुखाने निवृत्त झाले.

त्यांना साठ-साठ फटके पडले. झाओच्या अंगाचा तळहाताएवढा मांसाचा तुकडा गळून पडला, तो त्याच्या बायकोने खारवून, वाळवून जपून ठेवला. आणखी दोघांना ऐंशी फटके पडले. ते बघायला उभा होता झोउ युआनब्याव, त्याच वर्षी परीक्षा उत्तीर्ण झालेला पोरगा. फटके संपल्यावर त्याने खिशातून कागद काढून खोज्याच्या हाती दिला आणि सांगितले, हा माझा रजेचा अर्ज आहे. तो होता झांगविरुद्धचाच कागद. त्यालाही ऐंशी फटके आणि दूर ग्वेइझोउला हद्दपारी. तो पुढे आयुष्यभर लंगडला, आणि नंतर दोंगलिनच्या काळात त्याचे नाव आदराने घेतले गेले.

तेव्हा फटक्यांनी विरोध कमी होत नाही. फटके खाणाऱ्याचे आयुष्य कमी होते आणि नाव वाढते. मग उलटा प्रश्न येतो, आणि तो अवघड आहे: नावासाठीच कुणी फटके ओढवून घेत असेल तर? वानलीला हे पक्के वाटत होते. १५८९ च्या अखेरीस लुओ यूरेन नावाच्या लहानशा अधिकाऱ्याने त्याच्यावर दारू, बायका, पैसा आणि राग अशा चार दोषांचे निवेदन लिहिले. सम्राट संतापला. महासचिव शेन शीशिंगने समजूत घातली की याला शिक्षा करायची तर निवेदन जाहीर होईल, आणि मग लोक ते खरेच मानतील. कागद आत राहू द्या, त्याला घरी जाऊ द्या. तसेच झाले. ज्याने समजूत घातली त्या शेनला मात्र इतर अधिकाऱ्यांनी दोन्हीकडचा म्हणून टोचून टोचून १५९१ मध्ये घालवले. मला या सगळ्या गोष्टीत तो शेनच आवडतो. खेळात त्याच्यासारखे डोके चालवायला जागा हवी.

इथवर नातू वहीत लिहून घेत होता. मग मी मूल्यमापनावर आले. राजधानीतल्या अधिकाऱ्यांचे दर सहा वर्षांनी मूल्यमापन होई आणि त्यात नापास झालेला सहसा परत येत नसे. १५९३ च्या मूल्यमापनात कुणाला काढायचे यावरून एवढी जुंपली की तिथून पुढची तीस वर्षे त्याच जखमा चिघळत राहिल्या. गू श्यानचेंगची नोकरी गेली तीही त्याच भांडणाच्या ओघात. नातवाने विचारले, "म्हणजे नक्की काय करायचे ते? लिहायचे काय त्या अहवालात?"

ते मला पुस्तकातून शोधावे लागले नाही.

आमच्या वेळी शाळेत शिक्षकांचे गोपनीय अहवाल असत. (शाळेचे नाव लिहीत नाही, आणि माणसांचेही नाही.) आमच्यात एक विज्ञानाचे सर होते, उत्तम शिकवणारे. एका सभेत त्यांनी उभे राहून विचारले की प्रयोगशाळेसाठी मुलांकडून घेतलेले पैसे कुठे आहेत, कारण प्रयोगशाळेत तर साधा स्पिरिटचा दिवा नाही. त्या वर्षी त्यांच्या अहवालात शिकवण्याबद्दल एक अक्षर वावगे नव्हते. फक्त 'सहकार्याची वृत्ती कमी' असे तीन शब्द. त्यांची वेतनवाढ अडकली. मग त्यांच्या बाजूने एक अर्ज तयार झाला आणि शिक्षकखोलीत फिरला. माझ्यासमोर आला तेव्हा मी पेनाचे टोपणसुद्धा काढले होते. मग म्हणाले, घरी विचारून उद्या सही करते. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. अर्जावर सहा सह्या झाल्या, सहांच्याही अहवालात पुढच्या वर्षी तेच तीन शब्द आले, आणि सर शाळा सोडून दुसऱ्या गावी गेले.

मी कुठल्याच गटात नाही, असे मी त्या काळात अभिमानाने सांगत असे. पुष्कळ वर्षांनी कार्यालयातल्या एका वृद्ध कारकुनाने बोलता बोलता सांगितले की मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात एक यादी होती आणि 'आपली माणसे' या रकान्यात माझे नाव तिसरे होते.

हे मी नातवाला सांगितले नव्हते. त्या दिवशी सांगितले. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "म्हणजे जो सही करत नाही त्याचीही नोंद ठेवली पाहिजे."

अगदी बरोबर. १५७७ मध्ये झांगने राहावे असे निवेदन बड्या अधिकाऱ्यांनी देणे अपेक्षित होते. नेमणूक खात्याचे प्रधान झांग हान यांनी ते द्यायचे नाकारले, विरोधात एक शब्दही लिहिला नाही, तरी त्यांना सक्तीने निवृत्त केले. आणि १५८२ मध्ये झांग आजारी पडला तेव्हा राजधानीतले अधिकारी त्याला बरे वाटावे म्हणून देवळादेवळांतून प्रार्थना करत उभे राहिले. कोण येतो आणि कोण येत नाही हे दिसत होते ना! (नातवाला म्हटले, घे, ही तुझी 'मंदिरे'.) तो त्याच वर्षी वारला. १५८४ मध्ये त्याच्या घरावर जप्ती आली, बंद घरात दहाहून अधिक माणसे उपासमारीने मेली, थोरल्या मुलाने जीव दिला. प्रार्थनेला उभ्या राहिलेल्यांपैकी आता कुणीच पुढे यायला तयार नव्हते.

या सगळ्याची किंमत कुठे दिसते, तर सीमेवर. खेळात दरबार एका पडद्यावर आणि लढाई दुसऱ्या पडद्यावर, हे मला मुळीच पटत नाही. १६१९ मध्ये सारहूला मांचूंनी मिंग सैन्य धुळीला मिळवले. त्यानंतर शिओंग तिंगबीने ल्यावदोंग सावरले, तर १६२० मध्ये दरबारातल्या आरोपांनी त्याला काढले. १६२१ मध्ये शेनयांग आणि ल्यावयांग गेले. मग त्याला परत बोलावले, पण बरोबरीला वांग हुआझेन दिला. एकाला बचाव हवा, दुसऱ्याला चढाई, आणि दोघांनाही दरबारात वेगवेगळे पाठीराखे. १६२२ मध्ये ग्वांगनिंग पडले. शिओंगचे मुंडके उडाले १६२५ मध्ये आणि ते सीमेवर फिरवले. त्याच वर्षी यांग ल्यान तुरुंगात हालहाल होऊन मेला. त्याने आदल्या वर्षी वेई झोंगश्यानवर चोवीस अपराधांचे निवेदन केले होते, पण त्याच्यावरचा आरोप काय, तर शिओंगकडून लाच खाल्ली! सीमेवरचा पराभव राजधानीत हत्यार म्हणून वापरला गेला. १६३० मध्ये युआन चोंगह्वान या सेनापतीचे पेकिंगमध्ये तुकडे केले. (शिवाजी महाराजांचा जन्म त्याच वर्षीचा. वर्गात सांगायला हे मला कधी सुचलेच नाही.) शेवटच्या सम्राटाने सतरा वर्षांत सुमारे पन्नास महासचिव बदलले आणि १६४४ मध्ये राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला.

एक गोष्ट मात्र नातवाने मला शिकवली, ती नोंदवायला हवी. दोंगलिनवाले सज्जन आणि बाकीचे दुर्जन असे मी बोलू लागले होते. तो म्हणाला, हे सगळं लिहिलं कुणी? खरेच, लिहिले ते त्यांच्याच वर्गातल्या, त्यांच्याबद्दल सहानुभूती असलेल्या विद्वानांनी. मिंगांचा अधिकृत इतिहास तर पुढच्या घराण्याने १७३९ मध्ये पुरा केला. वेईच्या बाजूच्या साध्या अधिकाऱ्याला काय वाटत होते, हे कोण सांगणार? दोंगलिनवाल्यांच्या हाती सत्ता होती तेव्हा त्यांनीही मूल्यमापनात विरोधकांना वेचून काढलेच होते. म्हणून खेळात 'सद्गुण' नावाचा आकडा ठेवू नये, एवढे मी मान्य केले. 'नाव' ठेवावे. नाव मिळते, बुडते, चोरता येते.

मॉडचा कच्चा खर्डा गेल्या महिन्यात तयार झाला. पट्ट्या गेल्या. याद्या आल्या, कागदाचा रस्ता आला, सम्राटाचा अबोला आला. मला एक लहानसा तपासनीस अधिकारी करून खेळायला बसवले. सहाव्या-सातव्या वळणावर एक निवेदन समोर आले, खाली तीन बटणे: सही करा, नकार द्या, आजारपणाची रजा घ्या. मिंग अधिकारी ही रजा सर्रास घेत, म्हणून मीच ती सुचवली होती.

मी रजेचे बटण दाबले.

"सगळे हेच दाबतात," नातू म्हणाला. "माझे दोन्ही मित्रसुद्धा. त्याची किंमत वाढवायला हवी." आता प्रश्न एवढाच आहे की रजेने किती 'नाव' कमी व्हावे. तो पंधरा म्हणतो, मी चाळीस म्हणते. फोनवर अजून भांडण चालू आहे.